उदाहरणापुरती ताई

४ फेब्रुवारी

ताई,

चार वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या भावाने मायना काय लिहावा, हे कुठल्या पत्रलेखनाच्या पुस्तकात सापडलं नाही. म्हणून नुसतंच ताई. अक्षर मोठं काढतोय आणि एक ओळ सोडून लिहितोय, म्हणजे भिंगाने वाचायला बरं पडेल. नाहीतरी माझं अक्षर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं आहे, असं तूच म्हणायचीस.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं पत्र परवा आलं. त्यांनी अगदी मापात लिहिलंय. उतरवून देतो, म्हणजे त्यांनी काय कळवलं यावरून तुमच्यात उगाच वाजायला नको: ‘ताईंचा उजवा डोळा गेला ते तुम्हाला ठाऊक आहेच. आता डाव्याचं तेच चाललंय. अठरा मार्चला ऑपरेशन. नंतर दहा दिवस दर दोन तासांनी थेंब घालायचे, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. घरात माणूस असल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. माझं दुकान आहे, मला दर दोन तासांनी वर येणं जमणार नाही. ताई तुम्हाला कळवणार नाहीत म्हणून मी कळवते.’

मी येतो. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे ‘पण’ येणार आहे आणि तो वाचून तू पत्र बाजूला ठेवशील. छोट्याच्या प्रत्येक वाक्याला ‘पण’ची शेपटी असते असं बाबा म्हणायचे, ते काही खोटं नव्हतं.

पण इकडे आमच्या इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. संपादकबाईंनी हुकूम काढलाय की पहिल्या आवृत्तीतलं प्रत्येक उदाहरण मूळ कागदाशी ताडून बघायचं. माझ्याकडे पूर्वीसारखंच ‘एल’ अक्षर. ते मार्चअखेर हातावेगळं करायचंय. तरी मी येतो. रजेचा अर्ज या आठवड्यात टाकतो.

तुझा राग मला कळतो. तू कोश टपालाने परत पाठवलास, आत एका पानावर वर्तमानपत्राची पट्टी घालून. सोबत एक अक्षरही नाही. ते पान मी त्या दिवशी बघितलं आणि पुस्तक कपाटात उभं करून ठेवलं. पट्टी अजून तिथेच आहे. त्या पानावरच्या वाक्यात तुझं नाव नव्हतं, तेव्हा तू इतकं मनाला लावून का घ्यावंस, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. सगळ्यांना म्हणजे आमच्या टंकलेखकाला. मला दुसरं आहे कोण.

उत्तर नाही आलं तरी मी पुन्हा लिहीन.

छोट्या

१३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुला कितीतरी वेळा दोन-दोन महिने उत्तर दिलं नव्हतं.

तू पट्टी घातलीस त्या शब्दाबद्दल आज लिहितो. हे मला लिहिता येतं, बाकीचं जमेल तसं.

शब्द आहे ‘लाँग-सफरिंग’. विशेषण. मी दिलेला अर्थ: सोशिक, दीर्घकाळ, कुरकुर न करता त्रास सहन करणारा किंवा करणारी. अर्थात चूक नाही. आजही मी तोच देईन. पण अर्थ आणि वापर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि वापराकडे मी कानाडोळा केला. इंग्रज माणूस हा शब्द सहसा स्वतःला लावत नाही. तो दुसरा कोणीतरी लावतो, आणि बहुतेक वेळा हसत. चारचौघांत नवरा बायकोची ओळख करून देतो, ‘ही माझी लाँग-सफरिंग बायको’, आणि मंडळी हसतात, बायकोही हसते. म्हणजे ज्याच्यामुळे सोसावं लागतं तोच हे बिरूद बहाल करतो आणि वर कौतुक केल्याचं समाधानही घेतो. संपादकबाई मला परवा म्हणाल्या, “अहो, हा शब्द ज्याला लावलाय त्याच्याकडे बघायचं नाही. कोण लावतंय त्याच्याकडे बघायचं.” मी मान डोलावली आणि जागेवर येऊन बसलो.

याची भावंडं पुष्कळ आहेत. ‘रेझिलियंट’ म्हणजे दाबलं तरी पुन्हा वर येणारा. ‘टायरलेस’ न दमणारा. ‘एन्ड्युरिंग’ टिकून राहणारा, हा मैत्रीला लावतात, कीर्तीला लावतात. या सगळ्यांत माणसाचं काहीतरी शिल्लक राहतं. लाँग-सफरिंगमध्ये पुढे काय होतं ते शब्द सांगत नाही. सोसणारी सोसत राहते एवढंच त्याला ठाऊक.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. आमच्या कोशाचा एक नियम आहे. शब्दाखाली आपल्या भाषेतलं एक वाक्य द्यायचं, ज्यावरून शब्द कुठे बसतो ते वाचणाऱ्याला कळेल. ते वाक्य जिवंत माणसाने खरंच बोललेलं किंवा लिहिलेलं असायला हवं. टेबलाशी बसून रचलेलं चालत नाही. कार्डाच्या मागे कुठून घेतलं ते लिहायचं. बाकीचे लोक वर्तमानपत्रं चाळत, रांगेत उभे राहून कान टवकारत. मला तशी गरज पडली नाही. मला दर पंधरा दिवसांनी तुझं पत्र येत होतं.

बाबांना पक्षाघात झाल्यापासून ते जाईपर्यंत नऊ वर्षं. तुझी दोनशेच्या वर पत्रं. तू त्यात सगळं लिहायचीस, बाबांना कुशीवर कसं वळवायचं, पाठीला कुठे लाल झालंय, ते रागावले की एका हाताने चादर कशी ओढतात, कवळ्या करायचं तुझं काम तू तिसऱ्या वर्षी का सोडलंस. तुझं वाक्य सुटसुटीत, कुठे अडत नाही. टंकलेखक म्हणायचा, “तुमच्या ताईचं पत्र आलं की आठवड्याची बेगमी झाली.” कोशात तुझी एकशे त्र्याऐंशी वाक्यं आहेत. मोजली आज. ‘लिफ्ट’खाली तू आहेस. ‘लीन’खाली तू आहेस. ‘लोनली’खालीही.

मला तेव्हा हा तुझा मान वाटत होता. खरंच वाटत होता, ताई. मी मनात म्हणायचो, ती तिथे खोलीत अडकून पडली आहे, पण तिचं बोलणं मी जपून ठेवतोय.

रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. संपादकबाई गावाला गेल्या आहेत. आल्या की देतो.

छोट्या

२१ फेब्रुवारी

ताई,

ताडून बघायचं काम चालू आहे. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात तुझं पत्र. कार्डावरचं वाक्य पत्रात शोधायचं, सापडलं की खूण करायची, पुढचं कार्ड.

आज त्या कार्डाची पाळी आली. कोशात छापलेलं वाक्य तुला पाठ असेल: ‘मला काही त्रास नाही, होतंय तेवढं करते.’ लाँग-सफरिंगला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही असं बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. बैठकीत माझी पाठ थोपटली होती. मी चहा पाजला होता सगळ्यांना.

पत्र सहाव्या वर्षाचं आहे. निळा कागद, कोपऱ्यात प्लास्टरचा डाग. तू काम सोडलंस तरी साच्याचं प्लास्टर घरात कशाला ठेवत होतीस, हे मी तेव्हाही विचारलं नाही. वाक्य सापडलं. पण तिथे पूर्णविराम नव्हता. पूर्ण वाक्य असं आहे:

‘मला काही त्रास नाही, होतंय तेवढं करते, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, तुला खरं सांगते छोट्या, मला आता होत नाही, उजव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं झालंय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दहा दिवस येऊन बाबांजवळ राहा.’

आमच्याकडे एका उदाहरणाला एकच ओळ मिळते. लांब वाक्य कापायला मुभा असते, अर्थ बदलत नसेल तर. मी स्वल्पविराम बघितला आणि कापलं.

जागा कमी होती असं मी वर लिहिणार होतो. लिहून खोडलं, तुला खोडलेलं दिसतच असेल. जागा कमी होती हे खरं आहे. पण कापलं म्हणजे मी पुढचं वाचलं होतं. वाचल्याशिवाय कुठे कापायचं ते कळत नाही.

त्या पत्राला मी काय उत्तर दिलं ते तुझ्याकडे असेल. माझ्या आठवणीप्रमाणे मी लिहिलं होतं की इकडे फार घाई आहे, उन्हाळ्यात बघू, आणि डोळ्यांना गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. आणि खाली विचारलं होतं की कवळीचा साचा ओतताना मेण घट्ट होतं त्याला तुमच्यात काय म्हणतात.

तू त्याचं उत्तर दीड पान लिहिलं होतंस.

अर्ज दिला. बाई म्हणाल्या बघू.

छोट्या

३ मार्च

ताई,

शिंपीणबाईंचं कार्ड आलं. ‘पत्रं पोचली. पहिलं ताईंनी स्वतः भिंगाने वाचलं, त्याला दोन दिवस लागले. पुढची मी वाचून दाखवली. ताई म्हणतात यायचं असेल तर या, नसेल तर तसं कळवा, म्हणजे एक बाई बघून ठेवता येईल.’

म्हणजे मी जे लिहितो ते बाईंच्या तोंडून तू ऐकतेस. सुई तोंडात धरून त्या वाचत असतील आणि मध्येच थांबून ‘काय हो हे’ म्हणत असतील. म्हणू देत. नमस्कार बाई. आता मी लिहिणार आहे ते वाचताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, पण गाळू नका. आमच्या घरात गाळायचं काम मी पुष्कळ केलं आहे.

नऊ वर्षांत मी तीनदा आलो. पहिल्या वेळी चार दिवस. दुसऱ्या वेळी दीड दिवस. तिसऱ्या वेळी बाबा गेले तेव्हा, दोन दिवस. कामामुळे यायला जमत नाही असं मी लिहीत होतो आणि तू कधी उलट विचारलं नाहीस की कोशाचं कसलं एवढं काम, तू काय आग विझवायला जातोस का. खरं कारण आज लिहितो. मला त्या खोलीची भीती वाटायची. दुसऱ्या वेळी आलो तेव्हा तू बाबांना पुसत होतीस आणि मला म्हणालीस, “जरा खांदा धर.” मी धरला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण माणसाला ओळख पटली की डोळ्यांत काय होतं ते तुला माहीत आहे. त्यांना मी हवा होतो. मी फोन करून येतो म्हणून खाली उतरलो आणि नाक्यावर एका बाकावर बसलो, तास दीड तास. वर आलो तेव्हा तू एकटीने सगळं उरकलं होतंस आणि चहा झाकून ठेवला होतास. दुसऱ्या दिवशी मी निघालो. तू पायऱ्यांपर्यंत आलीस आणि म्हणालीस, “तुला नाही सोसत, मला माहितीये. तू जा.”

ते वाक्य मी कार्डावर घेतलं नाही. एवढी तरी लाज होती म्हणायची.

माझ्या मागे बायको नाही, पोर नाही, घरात कुंडीसुद्धा नाही. मला अडवायला जगात कोणी नव्हतं. तू मात्र लोकांना सांगायचीस, माझा भाऊ फार मोठ्या कामात आहे. शिंपीणबाईंनाही तेच सांगितलं असशील.

तिकीट काढलं आहे, सतरा तारखेचं. बाई बघू नका.

छोट्या

१५ मार्च

ताई,

घाईत लिहितो. मागच्या पत्रात तिकीट काढल्याचं लिहिलं ते तेव्हा काढलेलं नव्हतं. आज काढलं. सतराचं मिळालं नाही, अठराच्या पहाटेचं मिळालं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळेपर्यंत कदाचित पोचणार नाही, अकराच्या सुमारास येईन. संमतीच्या कागदावर सही करायला शिंपीणबाई जातील ना? त्यांना माझ्यातर्फे विचार.

संपादकबाईंनी रजेला एका मिनिटात हो म्हटलं होतं, गेल्याच महिन्यात. “अहो, एवढी वर्षं एक धड रजा नाही घेतलीत तुम्ही, जा की.” ते मी तुला कळवलं नाही, कारण मग मला सांगायला अडचण उरली नसती.

पण येतोय. या खेपेला नक्की.

छोट्या

२ एप्रिल

ताई,

हे पत्र टपालपेटीत पडणार नाही. पडलं तर शिंपीणबाईंना ते तुला वाचून दाखवावं लागेल, आणि यातलं शेवटचं मला त्यांच्या तोंडून तुझ्या कानावर घालायचं नाही. पण लिहिल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही, ही माझी जुनी खोड.

मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तू इस्पितळाच्या बाकावर बसली होतीस, डोळ्यावर पांढरी वाटी चिकटवलेली, शेजारी शिंपीणबाई, त्यांच्या ब्लाउजला टाचण्या तशाच. मी पुढ्यात उभा राहिलो. काय बोलावं ते गाडीत सहा तास घोकलं होतं.

“आलास?” तू म्हणालीस.

“हो.”

“दमला असशील. काही खाल्लंस का?”

बस, एवढंच. शिंपीणबाईंनी माझ्या हातात औषधांची पिशवी दिली आणि दुकान उघडायला निघून गेल्या.

मला वाटलं होतं तू भांडशील. निदान बोलणार नाहीस. दोन्हींची तयारी करून आलो होतो, आणि तू माझ्याशी पाहुण्याशी वागतात तसं वागलीस. माझ्यासाठी आतली खोली झाडून घेतली होती, बाबांची. खाट तीच, गादी नवी. “तिथे नको वाटत असेल तर बाहेर झोप,” म्हणालीस. मी बाहेर झोपलो.

पहिला थेंब मी तुझ्या गालावर पाडला, दुसरा कानात. “चालेल,” म्हणालीस आणि पदराने पुसलंस. मी सूप केलं, त्यात मीठ दोनदा पडलं. तू वाटी संपवलीस आणि म्हणालीस, “छान झालंय.” मी चाखून बघितलं तेव्हा मला कळलं. तुझी चहाची आवडती किटली माझ्या हातून फुटली, तू “पायाला लागलं नाही ना?” विचारलंस. दोन तासांचा गजर मी लावायचो, पण तो वाजायच्या आधीच तू मान मागे टाकून बसलेली असायचीस, म्हणजे मला हाक मारायला नको. ताई, तुझी सेवा करायला म्हणून मी आलो होतो आणि तू मला सोसत होतीस. मिनिटामिनिटाला, न कुरकुरता, अगदी सवयीने. मी लाँग-सफरिंगची नोंद लिहिली, पण ते काय असतं ते मी जवळून कधी बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर कौतुकाने मान डोलावायची इच्छा झाली नसती.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. तू खुर्चीत बसली होतीस, मी जमिनीवर.

“ताई, बोल ना काहीतरी मला. शिव्या दे. चार तरी दे.”

“कशाला?”

“मी तुझा डोळा घालवला.”

“डोळा काचबिंदूने गेला. तू काय डॉक्टर आहेस?”

“मी यायला हवं होतं.”

तू म्हणालीस, “हो. यायला हवं होतंस.” आवाज चढला नाही. कोणी वेळ विचारली आणि सांगितली, तसं म्हणालीस.

मी म्हटलं, “नव्या आवृत्तीतून ते वाक्य मी काढून टाकलंय.”

“का? चांगलं वाक्य होतं.”

“खोटं होतं ते, ताई. मी कापलेलं.”

“तू कापलंस म्हणून खोटं नाही झालं. अर्धं तर मीच रोज म्हणत होते.” मग म्हणालीस, “किती वाजले? थेंबांची वेळ झाली असेल.”

त्या संध्याकाळी शिंपीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली विजार. “एक विचारू का?” म्हणाल्या. “तुम्ही आल्यापासून ताई जास्त दमल्यात. बघताय ना?” मी म्हटलं ऑपरेशनमुळे असेल. त्या म्हणाल्या, “असेल,” आणि खाली गेल्या.

दहाव्या दिवशी वाटी कायमची काढायला इस्पितळात गेलो. तुला नर्स आत घेऊन गेली. मी केसपेपर मांडीवर घेऊन बाहेर बसलो. आत यायला मला कोणी मनाई केली नव्हती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं अक्षर मोठं आणि खाली बारीक होत जाणारी, तो मी पाठ केला. वीस मिनिटांनी तू बाहेर आलीस. नर्सने तुझं कोपर धरलं होतं आणि तिने ते सोडलं नाही. तिच्या मागे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काही विचारीन म्हणून थांबले. मी केसपेपरची घडी घालायला लागलो. ते आत गेले.

“काय म्हणाले?” मी तुला विचारलं.

“म्हणाले, वेळ लागेल. पण होईल ठीक.”

मी म्हटलं, “वा.” मला ते ऐकायचं होतं, आणि तू ते म्हणालीस.

घरी येताना तू माझा दंड धरला होतास, नेहमीपेक्षा जरा घट्ट. पायऱ्या चढताना तुझे ओठ हलत होते. तू पायऱ्या मोजत होतीस. मी वर आल्यावर चहा केला आणि कप तुझ्यापुढे ठेवला. तुझा हात टेबलावरून सरकत सरकत आला आणि कपाला लागल्यावर थांबला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूच विचारलंस, “तुझी गाडी किती वाजता?”

“कुठली गाडी?”

“परतीची. तिकीट काढूनच आला असशील की.”

मी येतानाच दोन्ही तिकिटं काढली होती. तुला सांगितलं नव्हतं. म्हटलं, “साडेनऊची. पण राहतो ना अजून. रजा वाढवता येईल. राहू का?”

हे मी कसं विचारलं ते तुला कळलं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती, आणि चपला पायात होत्या. तू खुर्चीतून उठलीस. हात पुढे न करता, अगदी सरळ, चार पावलं चालत माझ्यासमोर आलीस. ती चार पावलं तू मी आंघोळीला गेलो तेव्हा चालून बघितली असणार.

“नको रे,” तू म्हणालीस. “दिसतंय मला आता. चांगलं दिसतंय. शिंपीणबाई आहेत खाली, कोणीच नाही असं काही नाही. तुझं ‘एल’ अर्धं राहिलंय. जा तू.”

मी तुझ्याकडे बघत होतो. तुझी नजर माझ्या कानाच्या जरा बाजूला लागली होती, दाराच्या चौकटीवर. तुलाही ते जाणवलं असावं, कारण तू हसलीस, हात लांबवून माझ्या छातीवर ठेवलास आणि कापड दोन बोटांत धरलंस.

“हा निळा शर्ट शोभतो तुला,” तू म्हणालीस.

मी तपकिरी शर्ट घातला होता, ताई. मी म्हणालो, “हो का? जुनाच आहे,” आणि पिशवी उचलली.